अंबाड्याचा रि

"आता स्वल्प लक्ष द्या रे अण्णांनो, अक्कांनो," खंडोजीबुवांनी चिपळ्या काखेत धरून उपरण्यानं घाम टिपला. "गुरू म्हंजे कोन? दाढीवाला? जटावाला? आमच्या येलहंक्यात जटावाले लई हायत. पन मला मोटारीचं वाइंडिंग शिकवलं ते नागरत्ना नावाच्या पोरीनं. माझ्याहून आठ वर्षांनी धाकटी! जळकी मोटार पुढ्यात ठेवली आनि म्हनली, 'अण्णा, आधी जुने वेढे मोज. मोजल्याबिगर नवी तार भरू नको.' चाळीस वर्षं झाली. आजपन मोटार उघडली की आधी तिला हात जोडतो, मग वेढे मोजतो. सरी?"

"सरी!" पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं आणि हार्डवेअरच्या दुकानावरचा तो लांबट हॉल खळखळून हसला. पेटीवाल्यानं सूर धरला, टाळ उठले, आणि हसू विरायच्या आत गजर सुरू झाला.

होसकोट्यात दर दुसऱ्या रविवारी सकाळी हे कीर्तन होतं. बुवा येलहंक्याहून दोन बस बदलून येतात. त्यांचं घराणं बेंगळूरात इतकं जुनं, की त्यांच्या मराठीत कानडी कुठं संपते आणि मराठी कुठं लागते हे त्यांनाही सांगता येत नाही. ऐकणारे बहुतेक बिदर, भालकीकडून कारखान्यांत कामाला आलेले. त्यांना बुवांच्या भाषेची सवय व्हायला दोन कीर्तनं लागतात. तिसऱ्यापासून दुसऱ्या कुणाचं कीर्तन गोड लागत नाही. कीर्तनाची एक मौज असते. बुवा सगळ्यांना एकच सांगतात आणि प्रत्येक जण आपापलं काहीतरी उचलून घरी नेतो.

शिवलीलानं त्या दिवशी काहीच उचललं नाही. बायकांच्या बाजूला खांबाला टेकून ती बसली होती. मांडीवरच्या वहीत पिवळ्या जाड कागदाचं एक कार्ड होतं आणि बुवांच्या प्रत्येक वाक्याला ते तिला टोचत होतं.

कार्डावर वर मोठ्या कानडी अक्षरांत छापलेलं होतं: 'नन्न गुरी'. माझं ध्येय. त्याखाली ठिपक्यांची एक लांब रेघ, आणि अगदी तळाशी पालकाच्या सहीची जागा. दहावीच्या वर्गातल्या प्रत्येकाला एकच कार्ड. सोमवारी भरून द्यायचं, शनिवारच्या पालकसभेत एकेकानं पुढं येऊन आपल्या ध्येयाबद्दल दोन मिनिटं बोलायचं, मग कार्ड भिंतीवर लागणार.

कार्तिकनं कार्ड हातात पडल्या पडल्या लिहून टाकलं होतं, 'डेटा सायन्स'. ते काय असतं असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "ते आत गेल्यावर कळतं." भूमिकाचं डॉक्टर होणं ती चौथीत असतानाच ठरलं होतं. शिवलीलाचं काहीच ठरलेलं नव्हतं. तिला गणितात एकाहत्तर होते, विज्ञानात सत्तर, समाजशास्त्रात एकाहत्तर. सगळ्या विषयांनी मिळून तिला जणू चौकाच्या मधोमध नेऊन सोडलं होतं आणि चारी रस्ते सारखेच दिसत होते. पाढे ती मनात मराठीत म्हणायची, उत्तर इंग्रजीत लिहायची आणि कुणी ते खोडलं की कानडीत भांडायची. अभ्यास करायची, नाही असं नाही. पण कशासाठी, असं मनाशी विचारलं की आतून कुणी ओ देत नसे. आपल्यात काहीतरी बसवायचंच राहून गेलंय, असं तिला वाटायचं. बाकीच्यांना ते मिळालं, त्या दिवशी आपण गैरहजर असणार.

गजर वाढला. समोर टाळकऱ्यांत तिचे वडील उभे होते, दयानंद. ती त्यांना अप्पा म्हणायची, आणि एकेरी हाक मारायची. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, आणि टाळ बरोबर समेवर. त्यांना टाळ कुणी शिकवला नव्हता. पाच वर्षांपूर्वी गाव सोडून होसकोट्याला आल्यावर ते पहिल्यांदा या हॉलमध्ये आले, मागं उभे राहिले आणि तिसऱ्या कीर्तनाला कुणीतरी त्यांच्या हातात टाळ दिला.

अप्पा प्लास्टिकच्या बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. खोकी उचलून उचलून कंबर गेली होती. मशीनवर ऑपरेटर म्हणून घ्यायला साहेब तयार होते, पण त्याआधी मशीनवरच्या कानडी सूचना मोठ्यानं वाचून दाखवायच्या होत्या. अप्पांना पोथी खडाखडा वाचता यायची. कानडी मात्र फक्त कानाला कळायची. गावच्या मराठी शाळेत कानडीला मास्तरच नव्हता. म्हणून आषाढापासून रोज संध्याकाळी सात ते साडेसात शिवलीला त्यांना अक्षरं शिकवत होती.

तिलाही हे शिकून फार वर्षं झाली नव्हती. सहावीत या शाळेत आली तेव्हा तीन महिने ती मुकी बसली होती. त्या तीन महिन्यांत तिनं अक्षरांना टोपणनावं पाडली होती, तीच आता अप्पांना कामाला आली. "रि ला डोक्यावर अंबाडा," ती शिकवायची, "रु ला बाजूनं शेपूट." अप्पा रि म्हणताना डोक्यावर हात ठेवायचे आणि रु म्हणताना कमरेमागं. आई, महानंदा, कणीक मळता मळता हसायची. "बघा, चाळिशी उलटली आन माकडावानी करायलेत!"

आणि तरीही दर चार ओळींनंतर अप्पा रि ला रु वाचायचे. शिवलीला पेन्सिल फरशीवर आपटायची. "चुकलं!" अप्पा मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

कीर्तन संपलं. बुवांनी सगळ्यांना बुक्का लावला. प्रसादाचे चुरमुरे घेऊन बापलेक घरी आले. आई रविवारीसुद्धा व्हाइटफील्डच्या एका अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकाला जायची, ती निघून गेली होती. शिवलीलानं कार्ड अप्पांपुढं ठेवलं.

"खाली सही कर. बाकीचं मी नंतर भरते." आणि ती भूमिकाकडं विज्ञानाच्या वह्या आणायला गेली.

खरं तर ती पळाली. अप्पानं विचारलं असतं, काय भरणार गं?

दोन तासांनी परतली तेव्हा अप्पा चहा करत होते. ओठ घट्ट मिटलेले, पण डोळ्यांत काहीतरी लबाड. "कार्ड घडी घालून बॅगेत ठेवलोय. आता उघडू नको. मिसलाच दाव."

कानडीत सही केली असणार, तिला वाटलं. पहिल्यांदाच. तिला बरं वाटलं, पण रेघ अजून कोरीच होती. सोमवारी घंटा व्हायच्या आधी काहीतरी लिहून टाकू, असं म्हणून ती झोपली.

*

सोमवारी घंटा व्हायच्या आधी काही झालं नाही. कार्तिक वर्गाचा लीडर होता. प्रार्थनेच्या रांगेतच त्यानं कार्डं गोळा केली. तिनं बॅगेतून काढलेलं कार्ड, घडी उघडायच्या आत, त्यानं ओढून घेतलं.

"अरे थांब, भरायचंय!"

"भरलंय की. शाई दिसतेय मागून," म्हणत तो पुढं गेला.

चंपा मिस कानडी शिकवायच्या आणि वर्गशिक्षिकाही त्याच होत्या. त्या एकेक कार्ड वाचू लागल्या. डॉक्टर. पोलीस. डॉक्टर. डेटा सायन्स. आयएएस. मग एक घडी त्यांनी उघडली आणि थांबल्या.

"नन्न गुरी," त्यांनी वाचलं, "शिवलीला."

वर्गाला कळायला क्षणभर लागला. मग मागच्या बाकावरून हशा फुटला.

"मिस, ती स्वतःचंच देऊळ बांधणार!" कार्तिक म्हणाला.

"सुम्निरु," मिसनी त्याला गप्प केलं. "शिवलीला, इकडं ये. सगळ्या जगाचं ध्येय काहीतरी असतं. तुझं ध्येय तूच?"

शिवलीला टेबलापाशी गेली. ठिपक्यांच्या रेघेवर, रेघ सोडून जरा वर चढत गेलेली ती कानडी अक्षरं होती. 'शि'च्या डोक्यावर अंबाडा, नीट, गोल. 'ली' दोनदा गिरवलेली. अशी अक्षरं साऱ्या होसकोट्यात एकच माणूस काढत होता आणि ती काढायला तिनंच शिकवली होती.

"कुणी लिहिलं हे?" मिसनी विचारलं. "हे तुझं अक्षर?"

"मीच," ती म्हणाली. "बसमध्ये लिहिलं."

मिस तिच्याकडं बघत राहिल्या. शिवलीला बसनं येत नाही हे त्यांना माहीत होतं. "सरी," त्या म्हणाल्या. "मग शनिवारी पुढं येऊन याचा अर्थ सांग. सगळ्यांच्या आईवडिलांसमोर."

दिवसभर तिच्या डोक्यात ते एक वाक्य फिरत राहिलं. माझं ध्येय, शिवलीला. अप्पांचं ध्येय मी? सकाळी सहाला डबा घेऊन निघणारा, कमरेला पट्टा बांधून खोकी उचलणारा माणूस हे सगळं माझ्यासाठी करतो, हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि शाईत लिहिलेलं वाचणं वेगळं. ज्याचं ध्येय आपण, त्याला आपलंच काही ठरलेलं नाही हे कुठल्या तोंडानं सांगायचं? इतिहासाच्या तासाला तिनं पानाच्या कडेला नर्स लिहिलं, खोडलं. बँक लिहिलं, खोडलं.

"टीचर लिही ना," भूमिका कुजबुजली. "अप्पांना शिकवतेसच की."

"एकाच माणसाला शिकवते. तोही रि चुकतो," ती म्हणाली.

संध्याकाळी अप्पा दारातच होते. एक चप्पल पायात, एक हातात.

"मिस काय म्हणल्या?"

"कशाबद्दल?"

"घ्या! कार्डाबद्दल. वाचलं का नाही?"

"वाचलं. मोठ्यानं."

"मोठ्यानं?" अप्पा दुसरी चप्पल काढायचं विसरले. "समद्यांसमोर? आन अक्षर? लागलं का त्येंना?"

"लागलं."

अप्पा खाली बसले आणि खुदकन हसले, लहान पोरासारखे. "एक तास लागला बघ. आधी पेन्सिलीनं वहीत लिव्हलो, मग कार्डावर. तू म्हणलीस बाकीचं मी भरते. मी म्हणलो, हे ही कशी भरंल? वर छापलंय नन्न गुरू, खाली बापाची सही. म्हंजे बापानंच लिव्हायचं की. ज्याचा गुरू त्यानं सांगायचा. आन त्याच सकाळी बुवा इचारले, गुरू कोन. मी तवाच टाळ वाजवता वाजवता ठरवलो." त्यांनी आवाज बारीक केला. "तुझ्या आईला नाही सांगितलो. ती हसंल."

शिवलीलाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

गुरू. अप्पांनी रि ला रु वाचलं होतं. दिवसभर छातीवर बसलेलं ते ओझं एकदम उतरलं, आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. त्याचं वजन तिला कळेना. शब्द जिभेवर होता. चुकलं. रोज दहा वेळा ती तो म्हणायची, पेन्सिल आपटून. आज पेन्सिल हातात नव्हती म्हणा किंवा काय म्हणा, तो बाहेर पडला नाही.

"शनिवारी अर्धी रजा मागितलोय," अप्पा म्हणाले. "भिंतीवर लावणार ना ते?"

"तू नको येऊस."

"का बरं?"

"असंच. भूमिकाचे पण कोणी येणार नाहीत," तिनं थाप मारली.

"तुमचं कानडी ऐकून कंडक्टर बी पळून जातोय," आतून आई म्हणाली, "तिला लाज वाटत असंल."

अप्पा हसले नाहीत. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि दोन्ही हळूच दाराशी जोडीनं लावल्या. "वाटते का गं शिवू?"

"नाही," ती घाईनं म्हणाली. "ये तू. ये."

त्या आठवड्यात तिनं काय काय करून पाहिलं. मिसकडं दुसरं कार्ड मागितलं. "एकाला एकच," मिस म्हणाल्या. छापलेल्या रि चा अंबाडा पांढऱ्या शाईनं पुसून त्याला शेपूट काढावं, असंही मनात आलं, पण कार्डं कपाटात कुलूपबंद होती. आणि शेपूट काढलं असतं तरी काय? माझा गुरू शिवलीला, असं शिवलीलानं म्हणायचं? कार्तिक म्हणाला, "आयएएस म्हण आणि खाली बस. आयएएसला पुढं कुणी काही विचारत नाही." रोज सात वाजता अप्पा वही घेऊन बसत होते. त्या आठवड्यात रि ला रु किती वेळा वाचलं याचा हिशेब नव्हता, आणि शिवलीलानं एकदाही पेन्सिल आपटली नाही. "हं, पुढं," एवढंच म्हणायची. शुक्रवारी अप्पांनी वाचता वाचता वर पाहिलं. "आजकाल सगळंच बरोबर यायलंय की माझं," ते म्हणाले. त्यात प्रश्न होता की आनंद, तिला कळलं नाही.

*

शनिवारी वर्गात बाकं भिंतीला सरकवली होती. पालक खुर्च्यांवर. अप्पा शेवटच्या रांगेत, कंपनीचा निळा शर्ट इस्त्री करून, टिकलीएवढा बुक्का कपाळाला. कीर्तनाला बसल्यासारखे ताठ.

एकेक जण पुढं गेला. कार्तिक चार मिनिटं बोलला. भूमिकाचं पाठ केलेलं मध्येच अडलं, तिच्या आईनं खुर्चीतूनच पुढचं वाक्य सांगितलं. मग चंपा मिसनी घडीचं कार्ड उचललं आणि सवयीनं, कानडीच्या बाईंच्या स्वच्छ उच्चारात, सावकाश वाचलं.

"नन्न गु-रि. शिवलीला."

पोरं आधीच हसायला टपलेली होती. शिवलीला पुढं उभी. तिनं मनाशी ठरवलेलं सगळं एकदम निघून गेलं. आयएएस गेलं, नर्स गेलं. "माझं ध्येय..." ती कानडीत म्हणाली, "मी माझं नाव लिहिलं कारण... रेघ कोरी राहू नये म्हणून. मला अजून..."

तिची नजर शेवटच्या रांगेत गेली. अप्पांचा उजवा हात हळूहळू वर जात होता. तिला वाटलं, घाम पुसताहेत. हात डोक्यावर गेला आणि तिथंच थांबला, तळवा उपडा. अंबाडा.

रि.

त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते तिला बघवलं नाही. ती खाली पाहू लागली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मेडम." अप्पा उभे होते. त्यांची कानडी तुटक होती, एकेक शब्द शोधून लावल्यासारखी, पण आवाज टाळकऱ्याचा होता, शेवटपर्यंत पोचणारा. "ते तिनं नाही लिहिलं. मी लिहिलं. तप्पु नन्नदु." चूक माझी. "मी रि ला रु वाचलो."

कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला दटावलं. चंपा मिसनी कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. वरचं वाचलं, खालचं वाचलं.

"गुरू म्हणून लिहिलंत?" त्यांनी विचारलं. "म्हणजे तुमचा गुरू..."

अप्पांनी बोट दाखवलं नाही. हात जोडल्यासारखे पोटाशी धरले आणि नुसती मान शिवलीलाकडं वळवली. "अक्षर तिनं शिकवलं. आषाढापासून."

मिसनी भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "हे भिंतीवर लावू का? असंच?"

शिवलीलाला वाटलं, हो म्हणतील.

"बेडा मेडम," अप्पा म्हणाले. नको. "चूक हाय ती. चूक भिंतीवर कशाला?"

ते रांगांमधून पुढं आले, दोन्ही हातांनी कार्ड घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. मिसनी टेबलाचा खण उघडून तळातून एक कोरं कार्ड काढलं. "एकाला एकच," त्या शिवलीलाला म्हणाल्या, "तुझं तर तू अजून भरलंच नाहीस. सोमवारी आण."

*

घरी जाताना अप्पा दोन पावलं पुढं चालत होते. एरवी ते दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालायचे, अडले की मागं वळून बघायचे. आज वाचत नव्हते. बस स्टँडपाशी रस्ता ओलांडताना त्यांनी सवयीनं तिचं मनगट धरलं, पलीकडं गेल्यावर सोडलं.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले. "सोमवारपासनं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं की." अप्पा थांबले. "रोज चुकलं म्हणून पेन्सिल आपटतीस तवा मला गोड लागतंय व्हय? कारखान्यात चुकलं की शिव्या देतेत, चुकलं म्हणून कोनी सांगत नाही. काय चुकलं ते सांगणारी जागा माझी एकच होती. आठ दिवस झाले, तू पेन्सिल आपटली नाहीस. मला वाटलं, शिकलो मी." ते जरा हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "मशीनपुढं उभा राहून रि ला रु वाचलो असतो, तर?"

मी तुला वाचवायला गेले, असं तिला म्हणावंसं वाटलं. पण कुणाला वाचवायला गेलो होतो आपण, अप्पांना की त्यांच्यापुढं उभं राहून चुकलं म्हणायची भीती वाटणाऱ्या शिवलीलाला, हे तिचं तिलाच नीट लागेना. ती पुढं पाहत चालत राहिली. तिला हेही कळेना की एवढ्या माणसांत अप्पा उठून उभे राहिले तेव्हा आपल्याला लाज वाटली होती की दुसरंच काही. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं का, हे कुठल्याच विषयात शिकवलेलं नव्हतं.

"गुरी म्हंजे काय असतंय मग?" वळणावर अप्पांनी विचारलं.

"ध्येय. पुढं काय व्हायचं ते."

"हं." चार पावलं गेल्यावर, "तुझं काय हाय?"

"माहीत नाही, अप्पा." ते इतक्या सहज बाहेर पडलं की तिची तीच दचकली.

अप्पांनी मान हलवली. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. "बरं," म्हणाले.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही. खिशातलं घडीचं कार्ड अप्पांनी कोनाड्यातल्या पोथीत ठेवलं, काल वाचून थांबले होते त्या पानात.

सात वाजता अप्पांनी वही आणली. तिनं न सांगता त्यांनीच पानाच्या डोक्यावर एक रि काढला. "हे पान भरतो आज," ते म्हणाले. शिवलीला समोर बसली. तिनं कोरं पिवळं कार्ड फरशीवर ठेवलं, पेनाचं टोपण काढलं.

अप्पा लिहीत होते. ओठ हलत होते, आणि प्रत्येक अक्षराला डावा हात नकळत डोक्याकडं जात होता. दहाव्या ओळीत एक अंबाडा निसटला आणि रेघ खाली उतरून शेपटासारखी वळली. शिवलीलानं पेनाचं टोक फरशीवर आपटलं.

"चुकलं."

अप्पांनी मान खाली घातली, खोडलं, पुन्हा काढला. त्यांच्या कपाळावरची एक रेघ सैल झाल्यासारखी वाटली, किंवा दिव्याचा उजेड तसा पडला असेल.

पान भरलं. त्यांनी वही तिच्याकडं सरकवली. तिनं बोट फिरवत सगळ्या ओळी तपासल्या.

"झालं माझं," अप्पा म्हणाले. त्यांनी तिच्या पुढ्यातल्या कार्डाकडं पाहिलं. ठिपक्यांची रेघ तशीच होती, नुसता पेनाचा एक बारीक ठिपका पहिल्या ठिपक्यावर पडला होता. "तुझं?"

"नाही अजून."

आई आतून जेवायला हाक मारत होती. अप्पा उठले नाहीत. पेन्सिल कानामागं खोचली, भिंतीला पाठ टेकली आणि मांडी घालून नीट बसले, जशी ती रोज त्यांचं वाचून होईतो बसायची.

"सरी," ते म्हणाले. "थांबतो मी स्वल्प."